तपकिरीची डबी

सामना रविवारी. आज बुधवार.
एर्लांत्झ दारातूनच सांगतो, काही नाही गं नेकाने,
जरासं लचकलंय,
पट्टी बांधून दे, निघतो.
उजवा हात जाकिटाच्या खिशात.
हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?

बाहेर लेइत्झाच्या डोंगरांवर धुकं,
फ्रोंतोनच्या भिंतीवर कुणाचा तरी चेंडू
ठाक
ठाक
आत घट्ट गुंडाळलेली लोकर, वर बकऱ्याचं कातडं,
आणि समोर तळहात.
आमच्या खेळात बॅट नाही.
आहे तो हातच.

काढ बाहेर, मी म्हणते.

तळवा माझ्या ओळखीचा.
बोटांच्या मुळाशी टणक गाठी, गेल्या हंगामातल्या.
मधलं बोट गारठ्यात पांढरं पडतं,
रंग परत यायला किती सेकंद लागले
ते मी दर महिन्याला वहीत लिहिते.
एकदा अकरा झाले, तेव्हा त्याला घरी बसवलं,
त्याच्या आईने मला बाजारात ओळख दाखवली नाही.
करंगळी वाकडी, ती शाळेतली.

आता अंगठा वर कर.
अंगठ्याच्या मुळाशी, ताणलेल्या दोन दोऱ्यांच्या मध्ये
एक खळगा पडतो, चिमटीएवढा.
जुने लोक त्यात तपकीर ठेवून ओढायचे,
म्हणून ती तपकिरीची डबी.
डबीच्या तळाला एक हाड आहे,
होडीच्या घाटाचं, काजूएवढं.
मी तिथे बोट टेकवते. दाबत नाही, टेकवते.

एर्लांत्झ छताकडे बघतो.
ओरडत नाही, हात ओढत नाही.
छताला ओल आहे, दुसरं काही नाही,
पण त्याचा खांदा कानापर्यंत गेलेला.

कसा पडलास?
डाव्या भिंतीकडे धावताना. फरशी निसरडी होती.
हातावर?
हातावर.

एक्स-रेत काही दिसत नाही.
बघ, म्हणतो, स्वच्छ!
अरे, हे हाड सुरुवातीला खोटं बोलतं.
दोन आठवड्यांनी कबूल होतं, एका बारीक रेघेत.
रक्त त्याला एका टोकाकडून पोचतं,
मध्ये तडा गेला तर दुसरं टोक उपाशी राहतं,
आणि उपाशी हाड मरतं, ठणकत ठणकत, वर्षानुवर्षं.

बाकावर त्याचा बाप पॅचिकु. आतापर्यंत गप्प.
आमच्या वेळी, तो म्हणतो,
तळवा फरशीवर ठेवायचो,
भाऊ टाचेने तुडवायचा,
सूज उतरली की मैदानात.
तुडवून बरं झालं म्हणजे सगळं बरं झालं.

पॅचिकु, मी म्हणते, त्या भिंतीला तळवा टेकव. उजवा.
तो हसतो. उठतो.
वीस वर्षं ज्याने भिंतीशी वाद घातला
त्याचा तळवा भिंतीवर सपाट बसेना.
बोटांची टोकं लागली, मनगट अर्ध्यावर अडलं,
मध्ये एवढी फट
की त्यातून उजेड दिसला.
पोराने बघितलं.
बापाने हात खिशात घातला, अगदी त्याच्यासारखा.

मी पाणी कोमट केलं.
प्लास्टर सुकताना आतून गरम होतं, घाबरू नकोस.
अंगठा आत, बाकीची बोटं मोकळी,
ती हलवत राहायची, तासातासाला,
हात उशीवर उंच.
किती रविवार?
मी उत्तर दिलं नाही. मला खरंच माहीत नव्हतं.

रविवारी फ्रोंतोन भरला.
त्याच्या जागी आन्सोआइनचा कुणीतरी खेळला, बरा खेळला.
एर्लांत्झ माझ्या शेजारी, पांढरा हात मांडीवर,
आणि डावा हात प्रत्येक चेंडूला
गुडघ्यावर नकळत पडत होता.
मध्यंतरात मी त्याच्या बोटाचं नख दाबलं.
पांढरं झालं. सोडलं.
एक.
दोन.
गुलाबी.
सोड ना, म्हणाला, लोक बघतायत.